साहेबांचं लक्ष, स्टाफचं टेन्शन: गावाकडच्या कार्यालयात सजग नेतृत्व कसं रुजवायचं

"काम त करतोच आम्ही, पण सायबाचा मूड पाहूनच आत जा लागते."

विदर्भात वणीपासून वरुडपर्यंत कुठल्याही कार्यालयाच्या व्हरांड्यात हे वाक्य या ना त्या शब्दांत ऐकू येतं. बोलणारी माणसं कामचुकार नसतात. भर उन्हात व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, जाणारी सिस्टर, रात्री जेवण झाल्यावर ऑनलाइन माहिती भरत बसणारे गुरुजी, कापसाच्या सीझनमध्ये रात्रपाळी करणारा जिनिंगचा फिटर, हेच ते लोक. कामाचा बोजा त्यांना झेपतो. साहेब आज कसे बोलतील, कशावरून भडकतील, याचा अंदाज बांधत राहणं मात्र झेपत नाही.

हा लेख त्या साहेबांसाठी आणि मॅडमसाठी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, बँकेचे किंवा पतसंस्थेचे शाखाधिकारी, जिनिंगचे मॅनेजर, बचतगटांच्या प्रभागसंघाच्या अध्यक्ष. ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत त्यांच्यासाठीही, चाळीस आहेत त्यांच्यासाठीही.

सुरुवातीलाच माझं ठाम मत सांगते. स्टाफला एक दिवस ध्यानाच्या शिबिराला पाठवायचं आणि आपण मात्र होतो तसेच राहायचं, यातून काही साधत नाही. सराव आधी खुर्चीवरच्या माणसानं करायचा असतो.

साहेबांच्या लक्षाचा आणि स्टाफच्या ताणाचा संबंध काय?

सजगता म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे जाणीवपूर्वक आणि लगेच बरं-वाईट न ठरवता लक्ष देणं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये ताण कमी करण्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला, आणि तिथून हा विषय दवाखान्यांत, शाळांत, कंपन्यांत पोचला. आपल्या भागाला तो परका नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं सामुदायिक ध्यान आणि सायंप्रार्थना गावोगाव माहीत आहे. सेवाग्रामला गांधीजी सोमवारी मौन पाळत. विपश्यनेला जाऊन आलेला एखादा माणूसही बहुतेक तालुक्यांत भेटतोच. त्यामुळे स्टाफला हे काहीतरी नवं, शहरी खूळ वाटेल अशी भीती बाळगू नका.

वरिष्ठाचं लक्ष विखुरलेलं असलं की खालच्या माणसाला दोन कामं करावी लागतात. एक हातातलं, दुसरं साहेबांवर नजर ठेवण्याचं. या दुसऱ्या कामाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, पण थकवा त्याचाच जास्त येतो. सिंगापूरमध्ये संशोधन करणारे योखेन रेब आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये वरिष्ठ-कनिष्ठांच्या जोड्यांचे दोन अभ्यास प्रसिद्ध केले. वरिष्ठ जितका सजग, तितका कनिष्ठांचा भावनिक थकवा कमी आणि कामाची गुणवत्ता चांगली, असा संबंध त्यांना दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. तरी व्हरांड्यातल्या वाक्याशी तो जुळतो, हे नक्की.

कामातली तल्लीनता हा याच गोष्टीचा दुसरा भाग. नेदरलँड्समधले विल्मार शाउफेली आणि सहकारी यांनी २००२ मध्ये कामाशी एकरूप होण्याचे तीन घटक मांडले: उमेद, झोकून देणं आणि तल्लीनता. तल्लीन माणसाला वेळेचं भान राहत नाही, हातातलं काम सोडवत नाही. जिनिंगमध्ये रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, घरघरत असताना एखाद्या रेच्याचा आवाज किंचित बदलला की मुरलेल्या फिटरला तो लगेच कळतो. रोलरमध्ये खडा किंवा लोखंडाचा तुकडा अडकला तर ठिणगी पडते आणि भोवती सगळी रुई असते. तिथे फिटरची तल्लीनता हाच आगीपासूनचा पहिला बचाव. मॅनेजर दर थोड्या वेळानं फोनवरून "किती गाठी झाल्या?" विचारत राहिला, तर फिटरचे कान रेच्यापाशी राहतील की फोनपाशी?

पहिली पायरी: एक आठवडा फक्त स्वतःकडे बघा

काहीही बदलू नका. टेबलाच्या खणात एक छोटी वही ठेवा. दिवसात जेव्हा जेव्हा आवाज चढला, कोणाला मध्येच तोडलं, किंवा समोरचा बोलत असताना मोबाइल बघितला, तेव्हा एक ओळ लिहा: वेळ, कोण होतं, आणि शरीरात काय जाणवलं. जबडा आवळला जातो का? कान गरम होतात का? छाती भरून येते का? प्रत्येकाच्या रागाची शरीरातली खूण वेगळी असते, आणि ती रागाच्या आधी येते. ती ओळखता आली की दोन-तीन सेकंदांची फट मिळते. पुढच्या पायऱ्या त्या फटीवरच उभ्या आहेत.

आठवड्याच्या शेवटी वही वाचा. बहुतेकांना वेळेचा एक नमुना सापडतो. तालुक्याहून फोन आल्यानंतरचा अर्धा तास, दुपारी लाइन गेलेली असतानाचा वेळ, सोमवारची सकाळ. कुठल्या वेळी स्वतःला जपायचं ते कळतं.

दुसरी पायरी: सकाळची दहा मिनिटं

सुरुवात पाच मिनिटांनी करा, दोन आठवड्यांनी दहावर जा. विदर्भात उन्हाळ्यात हे सहाच्या आत, अंगणात किंवा गच्चीवर जमतं. उन्हं चढली की घामानंच लक्ष उडतं. मांडी घालणं बंधनकारक नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ टेकवू नका, पावलं जमिनीवर सपाट ठेवा. डोळे मिटा किंवा नजर समोर खाली सोडा. श्वास जिथे सगळ्यात स्पष्ट जाणवतो, नाकपुडीशी किंवा पोटाशी, तिथे लक्ष ठेवा. श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही.

मन जाणारच. जिल्हा परिषदेच्या आढाव्याकडे जाईल, सोयाबीनच्या भावाकडे जाईल, मुलीच्या ॲडमिशनकडे जाईल. गेलं हे लक्षात आलं की मनातल्या मनात "विचार" एवढंच म्हणा आणि परत श्वासावर या. हे परत येणं हाच सराव. मन एकदाही गेलं नाही तर सराव कशाचा? म्हणून "मले ध्यान जमत नाई" असं म्हणणाऱ्यांनी मन पन्नास वेळा गेलं याचं वाईट वाटून घेऊ नये.

दिवसात याचंच छोटं रूप वापरा. केबिनचं दार उघडण्याआधी, वरिष्ठांचा फोन ठेवल्यावर आणि कोणाला आत बोलावण्याआधी तीन श्वास घ्या, बाहेर सोडताना जरा सावकाश. श्वास सावकाश बाहेर सोडला की हृदयाची गती थोडी मंदावते, हे शरीरशास्त्र आहे. तालुक्यावर खाल्लेली बोलणी पुढच्या माणसावर रिकामी होऊ नयेत, एवढं काम हे तीन श्वास करतात.

तिसरी पायरी: वाईट बातमी ऐकून घेण्याची रीत

या पायरीवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. ताण आणि विश्वास, दोन्हींचा निकाल इथे लागतो.

एक प्रसंग धरून चालू. आरोग्य केंद्रात सकाळी सिस्टर आयएलआर बघते, म्हणजे लसींचा फ्रीज. रात्री झाकण नीट बसलेलं नव्हतं, त्यात वादळानं लाइन गेली. तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान हवं, काटा ११ वर आहे. दिवसातून दोनदा तापमान लिहायचं रजिस्टर समोर उघडं आहे. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. "६" लिहून झाकण लावायचं, किंवा साहेबांना सांगायचं. ती कुठली वाट धरेल, हे मागच्या वेळी तिनं काही सांगितलं तेव्हा काय झालं यावर ठरतं. "६" लिहिला गेला, तर त्याचा भुर्दंड पोडावरच्या बाळाला.

ती केबिनच्या दारात येते. "साहेब, एक सांगाचं होतं." आता साहेबांनी काय करायचं?

पेन खाली ठेवा, मोबाइल पालथा करा, तिच्याकडे बघा. ती बोलत असताना मध्ये एकही प्रश्न नको. ती थांबली की पहिलं वाक्य हे: "बरं झालं लगेच सांगितलं." हे कौतुक लटकं नाही, कारण लपवलेल्या चुकीपेक्षा सांगितलेली चूक खरोखरच स्वस्त पडते. दुसरं वाक्य: "आत्ता लगेच काय करायला पाहिजे?" उत्तर बहुधा तिच्याकडेच असतं. लसी वेगळ्या काढायच्या, प्रत्येक कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे लस उष्णतेनं खराब झाली का ते रंगावरून दाखवणारी खूण, तपासायचा, शीतसाखळी बघणाऱ्यांना कळवायचं, उत्तर येईपर्यंत त्या साठ्यातलं काही वापरायचं नाही. काटा काय दाखवत होता तेच रजिस्टरमध्ये लिहायचं. झाकण कोणी उघडं ठेवलं, हा प्रश्न त्या दिवशी काढूच नका. दुसऱ्या दिवशी डोकं शांत असताना, चार लोकांसमोर न विचारता, "हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करू या?" अशा सुरात विचारा.

अमेरिकेतल्या एमी एडमंडसन यांना १९९६ च्या अभ्यासात एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. रुग्णालयाच्या ज्या वॉर्डांमध्ये आपसातले संबंध चांगले, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, म्हणून आकडा मोठा दिसत होता. तुमच्या केंद्रात सहा महिन्यांत एकही चूक पुढे आली नसेल, तर खूश होण्याआधी विचार करा.

इथे एक शंका नेहमी येते: अशानं लोक डोक्यावर बसतील. सजग साहेब म्हणजे सगळं पोटात घालणारा साहेब नव्हे. तीच हलगर्जी पुन्हा पुन्हा झाली तर लेखी विचारणा करा, नियमानं जे होतं ते करा. फक्त ती चार भिंतींत, स्थिर आवाजात आणि त्या कामाबद्दलच असू द्या. माणसाच्या गावाबद्दल, जातीबद्दल, घरच्या परिस्थितीबद्दल एक अक्षरही नको.

आपला आवाज चढलेला आपल्याला उशिरा कळतो. म्हणून स्टाफमधल्या एका जुन्या, विश्वासू माणसाला सांगून ठेवा: मी चढलो की पाण्याचा ग्लास आणून ठेवायचा. बोलायची गरज नाही. हे काम बहुधा शिपाईभाऊ सगळ्यात छान करतात, कारण आजवर सगळ्या साहेबांचे मूड त्यांनीच जवळून बघितलेले असतात.

चौथी पायरी: व्हॉट्सॲप ग्रुप

"अत्यंत तातडीचे. आजच ४ वाजेपर्यंत माहिती सादर करावी." तालुक्यावरून हा मेसेज येतो आणि साहेब तो न वाचताच आपल्या ग्रुपवर ढकलतात. पंधरा माणसं हातातलं काम सोडतात. त्यातल्या तिघांकडेच ती माहिती असते, आणि ती त्यांनी मागच्या आठवड्यात दिलेलीच असते.

मेसेज पुढे ढकलण्याआधी दोन मिनिटं थांबा. पूर्ण वाचा. ही माहिती आपल्याकडे आधीच आहे का? नसेल तर नेमकी कोणाकडून हवी? मग ग्रुपवर न टाकता त्या माणसालाच साध्या मराठीत लिहा: काय हवं, कोणत्या नमुन्यात, किती वाजेपर्यंत. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. तपासणी अर्धवट सोडून फोटो पाठवायला लागलेल्या सिस्टरचं आणि फळ्यावरचं गणित तसंच ठेवून यू-डायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा, आकडा शोधणाऱ्या गुरुजींचं नेमकं हेच होतं.

वेळेचा नियमही ठरवा. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर काहीही टाकायचं नाही. अडलेली प्रसूती, साथ, पूर अशी खरी निकड असेल तर थेट फोन करायचा. त्यामुळे फोन वाजला की ते खरंच महत्त्वाचं आहे हे कळतं, आणि वाजला नाही तर माणूस निवांत भाकरी खाऊ शकतो. कामावरून घरी आल्यावर मन कामातून सुटलं तरच दुसऱ्या दिवशीची ताकद भरून येते. रात्री दहाला "उद्या आढावा आहे" एवढंच लिहिलं तरी वाचणाऱ्याची झोप जाते. सुचलं तेव्हा लिहून ठेवा, सकाळी नऊला पाठवा.

पाचवी पायरी: तल्लीनतेला जागा द्या

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी तल्लीन होण्याच्या अटी सांगितल्या, त्या गावाकडच्या कामालाही लागू पडतात: काय करायचं ते स्पष्ट हवं, जमतंय की नाही ते लगेच दिसायला हवं, आणि काम कौशल्याला आव्हान देणारं पण आवाक्यातलं हवं. याला मी चौथी जोडते: मध्ये कोणी टोकू नये. ओपीडीची वेळ, शाळेचे पहिले दोन तास, बँकेत कॅश मोजण्याची वेळ, जिनिंगमध्ये पाळी बदलतानाचा अर्धा तास, अशी प्रत्येक ठिकाणची एक वेळ ठरवा. त्या वेळात साहेबांचाही निरोप जाणार नाही. नियम सगळ्यात आधी साहेबच मोडतात, म्हणून कागदावर लिहून स्वतःच्याच टेबलासमोर लावा.

तल्लीनता म्हणजे राबणं नव्हे, हेही ध्यानात असू द्या. जो माणूस सुटीच्या दिवशीही काम सोडूच शकत नाही, त्याला बहुधा भीतीनं बांधून ठेवलेलं असतं. त्याचं कौतुक करून इतरांपुढे उदाहरण ठेवू नका.

सहावी पायरी: ठरवण्याचा हक्क खाली द्या

काम भरपूर आणि ते कसं करायचं यात मात्र काहीच हक्क नाही, अशा नोकरीत ताण सगळ्यात जास्त, हे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं. काम कमी करणं आपल्या हातात नसतं. हक्क देणं असतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सकाळीच शेतात निघून जातात. दहा वाजता अंगणवाडीत लसीकरण ठेवलं तर सिस्टर रिकाम्या खोलीत बसून राहते आणि संध्याकाळी "टार्गेट का झालं नाही?" म्हणून बोलणी खाते. कुठल्या वस्तीवर कोणत्या वेळी आया भेटतात, हे आशाताईला अचूक माहीत असतं. तिला विचारा, आणि ती म्हणेल तसं वेळापत्रक नियमात बसवून घ्या. विचारून मग आपल्याच मनाचं करणं हे न विचारण्याहून वाईट.

मासिक बैठक

थोडक्यात सांगते. सगळ्यांचे मोबाइल पालथे, पहिला साहेबांचा. सुरुवातीला एक मिनिट शांत बसा, त्याला ध्यान म्हणू नका आणि डोळे मिटण्याची सक्ती करू नका. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला हजारो माणसं एकाच वेळी मौन उभी राहतात, ते बघितलेल्या लोकांना एका मिनिटाचं अवघडलेपण येत नाही. मग सगळ्यात खालच्या पदावरच्या माणसानं आधी बोलायचं, साहेबांनी शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीच्यांचं मत तिथेच संपतं.

जे सजगतेनं सुटत नाही

रिक्त जागा, थकलेलं मानधन, तीन उपकेंद्रांचा भार एका सिस्टरवर: यावर श्वास हे उत्तर नाही. तिथे पाठपुरावा करणं, पत्र लिहिणं, स्टाफच्या बाजूनं उभं राहणं हेच साहेबांचं काम. "तू मन शांत ठेव" असं अशा वेळी म्हणणं हा अन्याय आहे.

शिवाय आपल्या स्टाफपैकी अनेकांच्या घरी शेती आहे. ऐन सोंगणीत पाऊस आला, बोंडअळीनं कापूस गेला, कर्ज थकलं, तर तो ताण घेऊनच माणूस हजेरी लावतो. एखादा अचानक गप्प झाला, जेवण टाकू लागला, "आता काय राह्यलं?" असं बोलू लागला, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा आणि ऐकून घ्या. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हेही विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो आपल्यासमोर लावून द्या, माणसाला एकटं सोडू नका, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जा. आणि एक सावधगिरी: कोणाला डोळे मिटून बसल्यावर जुन्या आठवणींनी जास्तच अस्वस्थ वाटत असेल, तर त्याला बसण्याचा आग्रह करू नका.

फरक पडतोय का, कसं ओळखायचं?

आठ आठवडे द्या. मग बघा: चूक झाल्यापासून ती तुमच्या कानावर यायला किती वेळ लागतो? बैठकीत पूर्वी न बोलणारं कोणी बोलायला लागलं का? तुम्ही व्हरांड्यात आलात की चाललेलं बोलणं थांबतं, की चालू राहतं? बिननावाच्या चिठ्ठीवर तीन प्रश्नही विचारता येतील: मागच्या महिन्यात साहेबांना काही सांगायची भीती वाटली का, काम करताना मध्ये किती वेळा टोकलं गेलं, घरी गेल्यावर काम डोक्यातून जातं का. अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नका. उत्तरं सगळ्यांसमोर वाचा आणि त्यातली एक गोष्ट त्याच महिन्यात बदलून दाखवा.

बदली तर होणारच. म्हणून सातनंतर मेसेज नाही, ठरलेल्या वेळात निरोप नाही, बैठकीत खालचा माणूस आधी, हे नियम बैठकीच्या इतिवृत्तात ठराव म्हणून लिहून घ्या. चार्ज देताना चाव्या आणि रजिस्टरांसोबत तो कागद नव्या साहेबांच्या हातात द्या, आणि तो का केला हे स्टाफमधल्याच कोणाला तरी त्यांना सांगू द्या.